तुमचे प्रश्न: पाण्याचा टास्क फोर्स नेमला तर आमच्या चारीला पाणी येईल का?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पाण्यावरचीच होती, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. पत्रं लांबलचक होती, छाटून देतोय, राग मानू नका.

प्रश्न: आमच्या शेतकरी गटाने मुख्यमंत्र्यांना निवेदन द्यायचं ठरवलंय की राज्याचं पाणी धोरण आणि त्याच्या पैशाचं नियोजन करायला एक टास्क फोर्स नेमा, तज्ज्ञ, अधिकारी, शेतकरी सगळे घ्या. पण गटातच दोन तट पडलेत, निम्मे म्हणतात अजून एक समिती नेमून काय होणार. तुम्ही काय म्हणता?
*एक वाचक, ता. औसा, जि. लातूर*

निवेदन द्या दादा, पण मागणी बदला. तुम्ही जो टास्क फोर्स मागताय ना, तो कायद्याने 2005 सालापासून आहे, फक्त नाव वेगळंय. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा जो कायदा त्या वर्षी झाला (देशातला पाण्याचा पहिला नियामक म्हणून तेव्हा खूप कौतुक झालं होतं) त्यात प्राधिकरणासोबत आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. कलम 15 प्रमाणे राज्य जल मंडळ, अध्यक्ष मुख्य सचिव. कलम 16 प्रमाणे राज्य जल परिषद, अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री. मंडळाने सहा महिन्यांत एकात्मिक राज्य जल आराखड्याचा मसुदा करायचा, परिषदेने पुढच्या सहा महिन्यांत तो मंजूर करायचा, आणि मग नवा प्रकल्प त्या आराखड्यात बसतो का हे बघूनच प्राधिकरणाने हिरवा कंदील द्यायचा. याच्यापेक्षा वरचा टास्क फोर्स कोणता असणार सांगा, मुख्यमंत्र्यांच्या वर कोण आहे?

आता गंमत बघा. त्या परिषदेची पहिली बैठक झाली 2015 च्या जानेवारीत. म्हणजे कायदा झाल्यावर जवळपास दहा वर्षांनी, आणि तीही कशी, तर वाल्मीतून (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे यांनी औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका टाकली, कोर्टाने विचारलं आराखडा कुठाय, तेव्हा. मधल्या काळात आराखडा नसतानाच शंभर-दीडशेच्या वर प्रकल्प मंजूर होऊन गेले होते. त्यानंतर गोदावरी खोऱ्यापासून सुरुवात करून कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या असे आराखडे तयार झाले.

आणि समित्यांचं म्हणाल तर कमी पडल्या असं कुणी म्हणूच शकत नाही. 1962 चा बर्वे आयोग, 72 च्या दुष्काळानंतरची सुकथनकर समिती, 1984 ची अनुशेषाची दांडेकर समिती, 1987 ची सुब्रमण्यम समिती, 1999 चा चितळे आयोग, 2013 ची केळकर समिती. स्पर्धा परीक्षेची पोरं ही यादी झोपेत पण म्हणतील. यातला चितळे आयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण त्यांनी जिल्हा-तालुका सोडून राज्याचे 25 उपखोऱ्यांत भाग पाडले, प्रत्येक उपखोऱ्यात हेक्टरी किती घनमीटर पाणी आहे ते काढलं आणि 1500 च्या खाली असेल तर अतितूट, 3000 पर्यंत तूट असं स्पष्ट लिहून टाकलं. आणि अशा तुटीच्या भागात ऊस आणि साखर कारखाने नकोत असंही सुचवलं. तुमचं मांजरा खोरं याच तुटीत येतं. पुढे काय झालं ते मी लातूरच्या माणसाला काय सांगणार! 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आधी दहा वाघिणी म्हणजे पाच लाख लिटर, मग पन्नास वाघिणी म्हणजे पंचवीस लाख. टीव्हीवर मोठं दिसायचं ते, पण एक टीएमसी पाणी म्हणजे 2,831 कोटी लिटर, तेवढं आणायला त्या पन्नास वाघिणींच्या गाडीला अकरा हजारांवर फेऱ्या माराव्या लागल्या असत्या.

म्हणून तुमच्या निवेदनात टास्क फोर्स नेमा असं न लिहिता हे लिहा: जल परिषदेची बैठक वर्षातून दोनदा झालीच पाहिजे आणि इतिवृत्त पंधरा दिवसांत वेबसाइटवर पाहिजे. तुमच्या खोऱ्यातल्या अपूर्ण प्रकल्पांची यादी अग्रक्रमाने लावून जाहीर करा, म्हणजे कोणता आधी पूर्ण होणार ते कळेल. आणि चारीच्या, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या कालव्याच्या, टेलला (शेवटच्या टोकाला) पाणी मोजायची पट्टी बसवा, पाळीच्या वेळी तिथलं रीडिंग रोज व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. शेवटची मागणी बारकी वाटेल पण सगळ्यात जास्त विरोध त्यालाच होईल बघा, कारण आवर्तन (पाण्याची पाळी) "सुटलं" हे कागदावर हेडचं, म्हणजे सुरुवातीच्या टोकाचं, रीडिंग बघून लिहितात, टेलला काय पोचलं ते कुणी लिहीत नाही.

एवढं करूनही टास्क फोर्सच हवा असेल तर मागा, पण त्याला मुदत आणि सहीचा अधिकार मागा. नुसत्या शिफारशी करणाऱ्या फोर्सला फोर्स म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मी बारा वर्षं ह्यूस्टनला आहे, गाव माण तालुक्यात. इथे टेक्सासमध्ये पाण्याचा स्टेट प्लॅन असतो, त्यासाठी लोक मतदान करून फंड मंजूर करतात. आपल्याकडे असं का होत नाही हा प्रश्न दर सुट्टीत गावी आल्यावर पडतो.
*एक वाचक, ह्यूस्टन*

तुमचं उदाहरण चांगलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही कळेल. टेक्सासला 1950 च्या दशकात भयंकर दुष्काळ पडला, त्यानंतर 1957 ला त्यांनी पाणी विकास मंडळ काढलं. पण खरा बदल 1997 च्या कायद्याने झाला. राज्याचे 16 विभाग केले, प्रत्येक विभागाचा एक गट, त्यात शेती, शहरं, उद्योग, पर्यावरणवाले असे सगळे बसतात, पुढच्या पन्नास वर्षांची गरज मांडतात, दर पाच वर्षांनी सुधारतात, आणि ते सोळा प्लॅन जोडून राज्याचा प्लॅन होतो. खालून वर. मग 2013 ला मतदारांनी दोनशे कोटी डॉलरचा फंड मंजूर केला आणि त्यातून स्वस्त कर्ज कुणाला, तर ज्याचं काम प्लॅनमध्ये आहे त्यालाच. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये परत मतदान झालं, विक्रीकरातून वर्षाला शंभर कोटी डॉलरपर्यंत पाण्याला द्यायचं ठरलं, 2027 पासून वीस वर्षं.

यातली घ्यायची गोष्ट एकच, प्लॅनमध्ये नाव नाही तर पैसा नाही. आपल्या 2005 च्या कायद्यात नेमकं हेच होतं की! वर लिहिलंय ते वाचा.

पण फार हेवा करू नका. तुमच्या टेक्सासात जमिनीखालचं पाणी अजूनही ज्याची जमीन त्याचं, शेजाऱ्याची विहीर आटली तरी बोअर उपसायला मोकळा, हा नियम 1904 पासून चालत आलाय. आणि डॅलससाठी ईशान्य टेक्सासात जे मार्विन निकल्स धरण प्लॅनमध्ये आहे ते कित्येक वर्षं फक्त प्लॅनमध्येच आहे कारण तिथले जमीनवाले आणि लाकूडवाले हलू देत नाहीत. म्हणजे धरणग्रस्त तिथेही आहेत, फक्त त्यांचे वकील महाग आहेत.

प्रश्न: सर, एमपीएससीची तयारी करतोय. सत्तर हजार कोटी खर्च आणि सिंचन 0.1 टक्का वाढलं हे वाक्य सगळीकडे वाचतो, पण क्लासमध्ये एक सर म्हणतात ते चुकीचं आहे. खरं काय? आणि प्रकल्पाचा खर्च इतका फुगतो कसा?
*एक विद्यार्थी, पुणे*

आकडा हवेतला नाही, राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणीतला आहे. एकूण पिकाखालच्या क्षेत्रात सिंचित क्षेत्र 2000-01 ला 17.8 टक्के होतं ते 2009-10 ला 17.9 झालं. पण ते सगळ्या साधनांचं मिळून आहे, विहिरी-बोअरसकट, आणि कृषी खात्याच्या मोजणीचं आहे, तर जलसंपदा खातं "निर्माण झालेली सिंचन क्षमता" मोजतं, म्हणजे पाणी अडवलंय आणि कालवा खणला तर इतकं क्षेत्र भिजू शकेल असं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या, त्यामुळे तुमचे सर अर्धे बरोबर आहेत. यावरूनच पुढे 2012 ची श्वेतपत्रिका आली, चितळेंच्याच अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यानंतर बरीच वर्षं आर्थिक पाहणीच्या त्या रकान्यात "उपलब्ध नाही" एवढंच छापून येत राहिलं. थर्मामीटर फोडला की ताप गेला, असला हा प्रकार. परीक्षेत असं लिहू नका अर्थात.

खर्च फुगायचं सांगतो. सुप्रमा हा शब्द लक्षात ठेव, सुधारित प्रशासकीय मान्यता, मंत्रालयात सगळे सुप्रमाच म्हणतात. प्रकल्प मंजूर करताना आकडा लहान असतो, मग भूसंपादन, पुनर्वसन, डिझाइन बदल, महागाई, कामाची व्याप्ती वाढली असं करत पहिली सुप्रमा, दुसरी, तिसरी, चौथी. निळवंडे धरण बघ, 1970 ला मंजूर झालं तेव्हा 7.93 कोटी होतं आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं तेव्हा किंमत 5,177 कोटी. गोसीखुर्द धरणाला 1983 ला मान्यता मिळाली 372 कोटींची, पुढच्या सुप्रमांत ती अठरा हजार कोटींच्याही वर गेली. यात सगळाच भ्रष्टाचार असतो असं नाही. बराचसा दोष पैसा पसरवण्याचा आहे. शंभर कोटी आहेत आणि चाळीस कामं चालू आहेत, प्रत्येकाला दोन-अडीच कोटी टेकवले की सगळे आमदार खूश, पण एकही काम संपत नाही आणि दरवर्षी चाळीसच्या चाळीस महाग होतात. भिंत उभी आहे, पाणी साठलंय, आणि कालवा मध्येच एका रेल्वे क्रॉसिंगला किंवा दोन एकराच्या भूसंपादनाला अडून बसलाय, असे किती दाखवू.

बजेटबाहेरून पैसा उभा करायचा प्रयोगही झालाय हे लिहायला विसरू नकोस. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी दिलं आणि मे 2000 पर्यंत ते वापरात आणायची घाई होती, म्हणून 1996 ला कृष्णा खोरे महामंडळ काढून बाजारातून रोखे उभारले. पाठोपाठ विदर्भ, कोकण, तापी आणि 1998 ला गोदावरी मराठवाडा अशी महामंडळं आली. पैसा आला, कामं झपाट्याने निघाली, पण रोख्यांचं व्याज जोरात होतं आणि पाणीपट्टीतून ते फिटण्यासारखं नव्हतंच, शेवटी सगळं सरकारच्याच अंगावर आलं. म्हणून कुणी "फंडिंगसाठी नवीन मॉडेल" म्हटलं की आधी विचारायचं, परतफेड कुठल्या उत्पन्नातून?

प्रश्न: मी पहिल्यांदाच सरपंच झाले. राज्याचं धोरण वगैरे ठीक आहे पण आमच्या दोन हजार वस्तीच्या गावाने पाण्याचं नियोजन कुठून सुरू करायचं आणि पैसा कुठला वापरायचा?
*एक सरपंच, ता. आटपाडी, जि. सांगली*

ताई, तुमचं पत्र सगळ्यात आवडलं. आधी हिशोब करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. समजा गावाचं शिवार हजार हेक्टर आहे आणि पाऊस 400 मिलिमीटर पडला, तर 40 लाख घनमीटर पाणी आभाळातून पडलं. त्यातलं बरंच उडून जातं, वाहून जातं, ते असू दे. आता दोन हजार माणसांना जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज 55 लिटर म्हणजे वर्षाला सुमारे 40 हजार घनमीटर. पडलेल्या पावसाच्या फक्त एक टक्का! आणि पाटाने भिजवलेला पाच एकर ऊस साधारण तेवढंच पाणी पितो. ग्रामसभेत फळ्यावर एवढं लिहून दाखवा, बाकी भाषणाची गरज नाही. भांडणं होतील, होऊ द्या. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजून मग पिकं ठरवतात आणि शेतीसाठी बोअर घेत नाहीत, ते काही एका बैठकीत ठरलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर 15 व्या वित्त आयोगाच्या (2021-26) निधीत 60 टक्के रक्कम बंधित होती, निम्मी स्वच्छतेला आणि निम्मी पिण्याचं पाणी, पाऊस साठवणं, पाण्याचा पुनर्वापर याला. खात्यावर यातलं किती शिल्लक पडलंय ते ग्रामसेवकांना आधी विचारा, बऱ्याच गावांत पडून असतं आणि सरपंचाला माहीतच नसतं. काम गावाच्या विकास आराखड्यात घातलेलं पाहिजे, नाहीतर खर्च टाकता येत नाही. अटल भूजल योजनेत राज्यातले तेरा जिल्हे होते, त्यात तुमचं गाव असेल तर विहिरींच्या पातळीची नोंदवही आणि पाण्याचा ताळेबंद आधीच तयार असेल, शोधा कपाटात.

नाला खोलीकरणाच्या मागे लगेच लागू नका एवढंच. जलयुक्त शिवारवर 9,633 कोटी खर्च होऊन भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही असं कॅगने 2020 ला म्हटलंय. काही गावांना त्याचा फायदा झाला हेही खरंय, पण जिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने कामं झाली तिथे. जेसीबी आहे म्हणून ओढा खणला तिथे नाही.

प्रश्न: असा टास्क फोर्स झाला की मराठवाड्याच्या बाजूनेच बोलणार. आम्ही धरणासाठी जमिनी दिल्या, आता आमच्या द्राक्षबागांचं पाणी जायकवाडीला. हा कुठला न्याय?
*एक द्राक्ष बागायतदार, निफाड*

भाऊ, राग समजतो पण नियम बघू. त्याच 2005 च्या कायद्यात लिहिलंय की तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं करायचं. मेंढेगिरी समितीने 2013 ला त्याचं कोष्टक केलं आणि प्राधिकरणाने 2014 ला ते मान्य केलं, 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं असं तेव्हा ठरलं. पैठणच्या या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा 76 टीएमसीच्या वर धरला गेला तो वरून पाणी येईल या हिशोबावर, आणि नंतर वरती धरणं वाढत गेली. त्यामुळे ते पाणी "तुमचं" असं सरळ म्हणता येत नाही.

तुमची एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. पाणी नदीतून सोडतात, कोरडं पात्र आधी स्वतः पितं, मग केटी वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या) फळ्या काढा, काठावरच्या मोटारींची वीज तोडा, पोलीस बंदोबस्त लावा, आणि एवढं करून पैठणला किती पोचलं यावर परत भांडण. कोष्टक फेरतपासणीला काढताना हे वहनातलं नुकसान कुणाच्या खात्यात धरायचं यावर तुमच्या पाणीवापर संस्थांनी आकडे घेऊन बसावं. वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्था तुमच्या शेजारीच आहेत, मोजून पाणी घेणं आणि पट्टी भरणं त्यांना जमलंय, अधिकारी त्यांचं ऐकतात ते त्यामुळेच.

प्रश्न: कोयनेची वीज झाल्यावर सगळं अवजल वाशिष्ठीतून समुद्रात जातं. ते उचलून दुष्काळी भागाला का देत नाहीत? आणि आमच्या वाडीला मे महिन्यात टँकर लागतो तो वेगळाच.
*एक वाचक, ता. चिपळूण*

बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायला 67.5 टीएमसीची मुभा दिलीय, पाणी नक्कीच आहे. ते मुंबईला न्या, परत घाटावर न्या, चर्चा सारख्या चालूच असतात. अडचण विजेची. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर वर चढवायला पंपाचा तोटा धरून साधारण पावणेदोन युनिट वीज जाते, म्हणजे एका टीएमसीला पाच कोटी युनिट, सहा रुपयांनी धरलं तरी तीस कोटी, नुसतं बिल, दरवर्षी. पाइप, बोगदे वेगळे. टेंभू-ताकारी-म्हैसाळ या पाणी उचलणाऱ्या योजनांची बिलं थकून पंप बंद पडायचे, म्हणून शेवटी 81 टक्के बिल सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्याने असं ठरवावं लागलं, आणि ते तर घाटमाथ्याच्या अलीकडचं उचलणं आहे. नदीजोडच्या प्रत्येक घोषणेत बांधकामाचा आकडा असतो, वार्षिक बिलाचा नसतो. टास्क फोर्स नेमलाच तर पहिल्याच बैठकीत हा आकडा मागायला पाहिजे, आणि तो बजेटच्या कुठल्या लेखाशीर्षातून (खात्यातून) जाणार तेही.

तुमच्या वाडीच्या टँकरला मात्र कोयना लागत नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो पण जांभ्यात पाणी थांबत नाही, डिसेंबरपर्यंत वहाळ वाहतो आणि मग संपतो. विहिरीच्या वरच्या अंगाला वहाळावर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घाला, दोन-तीन ओळीने, एका रविवारच्या श्रमदानात होतात. फक्त धार चांगली असताना, नोव्हेंबरच्या आतच घाला, जानेवारीत गोण्या भरत बसलात तर अडवायला पाणीच नसेल.